साहेबाच्या केबिनमधली हवा

वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्या परवा गच्चीत पसरल्या. देठं खुडायला ओंजळभर आईपुढे आणून ठेवल्या, तर तिने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "जुना माल दिलाय तुला. विटकरी दिसतायत."

मिरच्या लालभडक होत्या. आईला लाल रंग विटकरी दिसायला लागला की उन्हाळा आला, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. बातम्यांत ते नंतर येतं.

तिला मज्जातंतूंचा आजार आहे. अंग तापलं की मेंदूतून निघालेला निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही, वाटेतच कुठेतरी विरतो. आधी रंग उतरतात. मग डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहते आणि तिला कळतही नाही. मग बोटं. आणि गार खोलीत थोडा वेळ पडली की गेलेलं सगळं एकेक करून परत येतं. डॉक्टरांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे हा संप आहे. मागण्या मान्य झाल्या की सगळे कामावर हजर." आई डॉक्टरांसमोरच खळखळून हसली होती. तेव्हा परत येणारं सगळंच्या सगळं परत यायचं, म्हणून हसता यायचं.

सिडकोतलं आमचं घर बांधलं तेव्हा मागच्या खोलीच्या छताला पंख्यासाठी कडीच ठेवली नव्हती. नाशिकला पंखा कशाला, असं लोक अभिमानाने म्हणायचे. पाहुणे मुंबईहून आले की त्यांना मेमध्ये गच्चीवर झोपवायचं, पहाटे पांघरायला गोधडी द्यायची आणि वर विचारायचं, "काय, थंडी नाही ना वाजली?" ही आमची श्रीमंती होती. मी लहान असताना गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा, मधल्या झाडांच्या शेंड्यांवरून. आता मध्ये इमारती आहेत आणि त्यांच्या पाठींवर रांगेने पांढरी खोकी लटकलेली आहेत, प्रत्येक खोकं रस्त्यावर गरम श्वास टाकणारं. रस्ते रुंद झाले, कडेची झाडं गेली, अंगणांवर काँक्रीट आलं, आणि आता सगळे जण उन्हाळ्याला दोष देतात, जणू तो आपल्या मनाने आला. हा उन्हाळा आकाशातून पडलेला नाही, तो बांधलेला आहे. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते अजूनही खरं आहे. फक्त मी ते लिहिलं तेव्हा आमच्या मागच्या खोलीत एक एसी चालू होता आणि त्याच्याच गारव्यात बसून मी लिहीत होते.

पत्रकं आमच्या घरात आधी आली, मी नंतर. बाबा अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि युनियनचे सेक्रेटरी. छापून आणलेली पत्रकं शाई ओली असायची म्हणून घरभर पसरून ठेवलेली असत, पापडांसारखी. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, एवढा एकच धर्म आम्हाला शिकवला गेला. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला जोडशब्द. आणि युनियनची जी पद्धत, तीच घराची. ठराव मांडायचा, प्रत्येकाने बोलायचं, मग हात वर करून मतदान. भिंतीला रंग कुठला, सुट्टीत जायचं कुठे, दारात आलेलं मांजर ठेवायचं की नाही. अध्यक्ष अर्थातच बाबा. माझं मत शाळेत जायच्या आधीपासून पूर्ण मोजलं जायचं, याचा मला फार गर्व होता. आई बहुतेक वेळा हात वर करायची नाही. दूध उतू जाईल म्हणून मध्येच उठायची. बाबा जाहीर करायचे, "एक सदस्य तटस्थ." आतून आईचा आवाज यायचा, "तटस्थ सदस्याने चहा टाकलाय, घेणार का?"

एसीची गोष्ट कारखाना बंद पडला तिथपासून सुरू होते. मालक निघून गेला. पुष्कळ हेलपाटे घातल्यानंतर ऑफिसातलं सामान तेवढं कामगारांच्या हाती लागलं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, पाण्याचं मशीन. चिठ्ठ्या टाकून ते वाटून घेतलं. बाबांच्या चिठ्ठीत साहेबाच्या केबिनमधला एसी निघाला. खिडकीत बसवायचा, जुन्या पद्धतीचा, पेटीएवढा.

त्या केबिनमध्ये बाबा कितीतरी वेळा मागण्या घेऊन गेलेले. शॉपफ्लोअरच्या पत्र्याखालून घामाने भिजलेली माणसं थेट त्या थंडीत जायची. साहेब बसा म्हणायचा नाही. अंगावरचा घाम गार व्हायचा, दात वाजायला लागायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की लवकर उरकावं. बाबा म्हणायचे, "आमची निम्मी बोलणी त्या एसीने फिसकटवली." आणि आता तोच घरात. त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला. विकला नाही, लावलाही नाही. वर्षानुवर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे साठत राहिले.

मग आईची चप्पल मागे राहायला लागली. गार खोली हवी म्हटल्यावर बाबांनी जिन्याखालचे कपडे बाजूला केले.

तो बसवला शिरसाठ काकांनी. ते त्याच कारखान्यात वायरमन होते. मूळचे घोटीकडचे, अंगाने काटकुळे, आवाज मात्र गेटवरच्या सभेचा. मागच्या खोलीची भिंत फोडली, लोखंडी अँगल ठोकले, जुने चार-दोन सोबती मदतीला आले. एसी सुरू झाला तेव्हा ट्रक सुरू झाल्यासारखा आवाज झाला. सगळे त्याच्यासमोर उभे राहिले. कुणीच बसेना. मग काकांनीच बाबांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा नाना. आता कोण उभं करतंय?"

त्या दिवशी आई संध्याकाळी स्वतः उठली आणि सगळ्यांसाठी पोहे केले. कढईत उलथनं फिरवताना तिचा हात कापत नव्हता. बाबा दारातून ते बघत राहिले होते.

तेव्हापासून दर होळीनंतर काका यायचे. एसी उघडायचे, धूळ काढायची, गॅस भरायचा. मालकाने कुणाला कसं फसवलं, कोण कुठे वॉचमन लागलं, कोण गेलं, हे सगळं भरताना बोलून व्हायचं. "वहिनी, लय गरम व्हतंय का? थांबा, साहेबाला जरा धारेवर धरतो," असं म्हणून ते एसीच्या पेटीवर चापट मारायचे. "हे काय मरत नाय. मालकाचं हाय, मालकासारखंच चिवट."

"मालकाचं कसलं? आपलं," बाबा म्हणायचे. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी दोघं हसायचे.

खरं म्हणजे काकांना मोटारी यायच्या, वायरिंग यायचं. एसी यायचा नाही. गॅस कुठून गळतो हे त्यांनी कधी शोधलं नाही, दर वर्षी नवा भरला. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, बाबांनाही असणार. पण आपलं काम आपल्या माणसाकडून करून घ्यायचं हा आमचा नियम होता, आणि आपल्या माणसाला तुला हे येत नाही असं म्हणायचं नाही हा त्या नियमाचा न लिहिलेला भाग. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी दुसऱ्याच वर्षी दुकानातला मेकॅनिक बोलावला असता. आमच्याकडे ती फितुरी ठरली असती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये भरलेला गॅस एप्रिल उजाडायच्या आत गेला. काकांनी पुन्हा भरला. पुन्हा गेला. एसी घरघरत राहायचा आणि तोंडावर कोमट वारा यायचा. शेजारून कूलर आणला, पण त्याच्या दमट हवेत आईचा जीव जास्तच घाबरा व्हायचा. दुपारी ती खाटेवर नुसती पडून असायची. उशाजवळचा पेला उचलायला मला हाक मारायची, आणि ती हाक मारताना तिला लाज वाटायची, ते मला दिसायचं.

बाबा बाहेर गेलेले असताना मी दुकानातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने पुढची जाळी काढली, बॅटरी मारून आत पाहिलं. "गॅसची कॉइलच गेलीये ताई. ठिकठिकाणी सडलीये. ही कॉइल आता मिळत नाही, अन् कॉम्प्रेसर पण शेवटचे दिवस मोजतोय. नवीनच घ्या."

"दुरुस्त होणारच नाही?"

"कुठे पडून असलेली कॉइल सापडली तर होईल. शोधा. तोवर उन्हाळा संपेल."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला तो लागला. कारण दुरुस्तीच्या हक्कावरचं पत्रक मीच लिहिलं होतं. कंपन्या सुटे भाग मुद्दाम बंद करतात, चांगल्या वस्तू भंगारात ढकलतात, आपण मान खाली घालून नव्या घेतो, आणि त्या कचऱ्याचे डोंगर गरिबाच्या दारात उभे राहतात. दसऱ्याच्या खरेदीला लोटलेल्या गर्दीत, दुकानांच्या बाहेर उभं राहून मी ते वाटलं होतं. एका बाईंनी घेऊन त्यात भजी बांधली होती आणि मी त्यांच्याशी भांडले होते.

बाबा घरी आले तेव्हा त्यांना जाळी उघडी दिसली. "बाहेरचा माणूस बोलावलास?"

"तो म्हणतो नवीन घ्यावा लागेल."

"तो विकायलाच बसलाय, दुसरं काय म्हणेल? तुझ्याच पत्रकात लिहिलंयस ना?" मग त्यांनी सुटी जाळी हातात घेतली. "शिरसाठला काय सांगायचं?"

त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली. कारखान्यातून त्यांच्या हाती उरलेलं एवढंच होतं. हा एसी आणि त्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा येणारा एक माणूस. मला ते कळत होतं. म्हणून मीही कॉइल शोधली. भंगारवाल्यांकडे गेले, नाशिक रोडच्या जुन्या दुकानांत फिरले, ओळखीच्या ओळखीत फोन केले. प्रत्येक ठिकाणी पुढच्या आठवड्यात या म्हणाले. त्या उन्हाळ्याची माझी सगळ्यात स्पष्ट आठवण हीच आहे. भर दुपारी तापलेल्या स्कूटरवर मी तत्त्वासाठी वणवण करतेय, आणि घरी परतल्यावर आईने कूस बदललेली नाही.

शेवटी बाबांनी सभा बोलावली. काकांनाही बोलावलं, त्यांच्या कामाचा प्रश्न म्हणून त्यांनाही मत. रविवारची टळटळीत दुपार होती. मागच्या खोलीत आई खाटेवर, भिंतीला उशी लावून टेकलेली. काका दाराशी, बाबा खुर्चीत, मी खाली फरशीवर. वर एसी बंद.

बाबा बोलले. चांगलं बोलले. वस्तू टाकून देणं हे माणसं टाकून देण्याच्या सवयीतूनच येतं, असं म्हणाले. आमचा कारखानाही असाच टाकून दिला, चालत असताना. काका एवढंच म्हणाले, "मी अजून एकदा बघतो नाना. वेल्डिंग मारून बघतो." माझी पाळी आली तेव्हा मी स्वतःच्याच पत्रकाविरुद्ध बोलले आणि वाक्यागणिक अडखळले. आईला विचारलं तर म्हणाली, "तुमचं होऊ द्या." तिचा आवाज जड येत होता. उकाड्यात जीभही ऐकत नाही.

"दुरुस्तीच्या बाजूने?" बाबांनी हात वर केला. काकांनी केला.

"नवीनच्या बाजूने?" मी केला.

"दोन विरुद्ध एक. एक सदस्य तटस्थ. ठराव मंजूर."

"मी तटस्थ नाहीये," आई म्हणाली.

बाबांनी वळून पाहिलं. "मग हात वर करायचा ना."

"केलाय."

तिचा हात मांडीवर होता. पालथा. करंगळी तेवढी थरथरत होती. खांद्याजवळचा ब्लाउज घामाने ओला झाला होता आणि मानेची शीर ताणलेली होती, जड काहीतरी उचलताना ताणते तशी.

"अहो, मी मघापासून वरच करतेय," ती म्हणाली.

रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली, तीही पुढे निघून गेली. इतकी वर्षं आमच्या घरात मतं मोजली गेली, आणि मोजायची रीत अशी की ज्याच्या अंगात हात उचलायची ताकद आहे त्याचंच मत मत. हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. गेटवर उभं राहून आम्ही ज्यांच्यासाठी ओरडायचो, त्यांच्यातलं कुणी आमच्याच खाटेवर पडलेलं असेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

"बरोबरी झाली," बाबा म्हणाले. त्यांना सवयीने तेवढंच सुचलं असावं. "बरोबरी झाली तर अध्यक्षाचं निर्णायक..."

"नाना," काका म्हणाले, "गप बसा ना आता."

बाबा मग उठले. त्यांनी आईची खाट पायाच्या बाजूने धरली, मला डोळ्यांनी खुणावलं, आणि आम्ही दोघांनी आईसकट ती खाट एसीखालून ओढून पलीकडच्या भिंतीला नेली, तिच्या अंगावर खपल्या पडू नयेत म्हणून. काकांनी पिशवीतला पाना काढला.

एसी निघाला तेव्हा त्याच्या मागे पारव्यांची पिसं निघाली, वाळलेल्या काड्या निघाल्या, गंजाचा चुरा निघाला. भिंतीत चौकोनी भगदाड राहिलं आणि त्यातून उन्हाचा झोत थेट फरशीवर पडला. काकांनी एसी रिक्षात घालून घरी नेला. "राहू द्या माझ्याकडं. सुटे भाग कामाला येतात," म्हणाले. भंगारात द्यायचं नाव कुणी काढलं नाही.

नवीन बसवायला कंपनीची दोन माणसं आली, एकसारख्या शर्टातली. काकाही आले होते, न बोलावता. त्या माणसांची शिडी फरशीवर सरकत होती, म्हणून ते काम होईपर्यंत ती धरून उभे राहिले. कुणी त्यांना काही विचारलं नाही. जाताना आईला म्हणाले, "वहिनी, हे काय बरं न्हाई. आवाजच नाय याला. चालू हाय का बंद, कळायचं कसं?" आई हसली. त्यानंतर एसीच्या निमित्ताने ते आलेले नाहीत. होळी होऊन गेली. बाबा दोनदा म्हणाले, शिरसाठला फोन केला पाहिजे. दोन्ही वेळा फोन हातात घेऊन परत ठेवला. कशासाठी या म्हणायचं, हे त्यांना ठरवता येत नसावं.

नवीन एसी चांगला आहे. त्याचा बाहेरचा डबा बोळात लावलाय आणि त्याची वाफ शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर जाते. त्यांनी ती खिडकी आता कायमची लावून घेतलीय. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "असू दे गं. तुझ्या आईसाठी आहे ना." त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. परत येऊन मी लिहायला बसले आणि काही लिहिता आलं नाही. चूक कुणाची हे मला अजून स्पष्ट सांगता येतं. झाडं कुणी तोडली, कॉइली कुणी बंद केल्या, कोण नफा नेतं. त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण काकूंच्या ओट्यावर आमची वाफ जाते, आणि ती थांबवली तर आईची बोटं जातात, हे ज्यात मावेल असं पत्रक मला येत नाही.

आमच्याकडे आता मतदान होत नाही. तसं कुणी ठरवलं नाही, ते बंद पडलं. बाबा सकाळी आईच्या खाटेशी जाऊन विचारतात, "तुला काय हवंय?" हा प्रश्न त्यांना नवा आहे आणि तिलाही. ती बराच वेळ विचार करते आणि म्हणते, "काहीही चालेल."

या वर्षी गेलेलं सगळं परत येत नाही. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकतोय, यात कुणाचा दोष नाही, गेला उन्हाळा वेगळा गेला असता तरी हे व्हायचंच होतं. लाल रंग गारव्यातही आता पुरता लाल होत नाही. पण पाय अजून येतात. सकाळी एसी लावून खोली गार झाली की आई भिंतीला हात लावून उठते. खाटेपासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत, परत. काल मी आत, दाराशी बसले होते. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आई चालत दारापर्यंत आली आणि थांबली नाही, तिने कडी काढली. दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली. बाहेरच्या खोलीकडे, बाबांकडे, त्यांच्या पाठीशी उघड्या असलेल्या घराच्या दाराकडे, दारातल्या चपलांकडे आणि रस्त्यावरच्या उन्हाकडे तिने शांतपणे पाहून घेतलं. बाबा पेपर ठेवून उठले. "येतेस? हात देऊ?"

गरम हवा तिच्या अंगावरून आत यायला लागली होती. तिने एक पाऊल बाहेर टाकलं, क्षणभर तिथेच ठेवलं, आणि मागे घेतलं.

"दार लावून घ्या," ती म्हणाली. "गारवा जातोय."